अर्ध्या तासाची पाळी

गार्डिनाच्या पत्तेघरात मी पानं वाटतो.
दर अर्ध्या तासाने टेबल बदलतो,
त्यामुळे कुठलीच गोष्ट मला शेवटपर्यंत दिसत नाही.
खांद्यावर टिचकी पडते,
मी तळवे उलटसुलट करून रिकामे दाखवतो
आणि उठतो.

लिगाया मानलास्तास मला अशीच दिसत गेली,
तुकड्यातुकड्यांनी.
टॉरन्सच्या इस्पितळातली रात्रपाळी संपवून
सकाळी सात वीसला थेट इथे,
पायांत अजून ते पांढरे रबरी बूट.
पहिल्या वर्षी तिला पान टाकवतच नसे.
किलवरची सत्ती, बदामाची नव्वी,
"धुगधुगी आहे ना अजून," म्हणायची
आणि शेवटचं पान उलटेपर्यंत
नाडी धरून बसायची.
दुपारी मी सिगरेट ओढायला बाहेर पडलो की
पार्किंगमध्ये तिची गाडी,
काचा वर, इंजिन बंद, आत ती.

आठ नंबरच्या खुर्चीवर ह्रांत माझमानियान.
आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
सहा तासांत जेमतेम वीस डाव खेळायचा.
एकदा सूपच्या रांगेत तिला म्हणाला,
"तुला जिंकायचं नसतंच.
समोरच्याकडे काय होतं, एवढं तुला बघायचं असतं.
बाई, बघणं फार महाग आहे."
ती त्याच्यावर चिडली.
आठवडाभर दुसऱ्या टेबलावर बसली.

मग वही आली.
तारीख, तास, रक्कम,
आणि कडेला चौथा रकाना: झोप.
चार महिन्यांनी तिने मला तो बोटाने दाखवला,
ताप चढल्याचा कागद दाखवावा तसा.
सगळे मोठे खड्डे
चार तासांहून कमी झोपेच्या दिवशीचे.
खेळाआधी तिने झोप सुधारली.
रात्रपाळीवरून यायचं बंद केलं.
आता सुट्टीच्या दिवशी येते, अकराला,
केस धुतलेले, डब्यात भात.

मार्चमधला एक मंगळवार.
तिच्याकडे दोन राण्या. टेबलावर राजा आणि दोन फुटकळ पानं.
म्हाताऱ्या ओकुबोने सगळे चिप्स पुढे सरकवले,
नाताळपासून ज्याने रक्कम वाढवली नव्हती, त्याने.
तिने त्याच्याकडे पाहिलं. श्वास मोजत असावी.
राण्या पालथ्या माझ्याकडे सरकल्या.

ओकुबोने हसत हसत पानं उघडी केली:
इस्पिकची पंजी, चौकटची छक्की.
काहीच नाही!
टेबल खिदळलं. कुणीतरी मांडी बडवली.
तिच्या मानेवर एक शीर उडत होती, तेवढीच.
तिने पेन काढलं आणि लिहिलं: तामा.
तिच्या भाषेत, बरोबर.

तिथे माझी पाळी संपली.

परवा चिप्स मोजताना मला म्हणाली,
"वर्षाचा हिशेब झाला. ताशी अकरा डॉलर."
नव्या बाळाचं वजन सांगावं तसं सांगितलं.
मी आठवू लागलो, हिला मोठा डाव मारताना कधी पाहिलं?
एकदाही नाही.
आठवतात त्या दुसऱ्यांच्या राशी, दुसऱ्यांच्या आरोळ्या.
तिचं जिंकणं
माझ्या अर्ध्या तासात कधी मावलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर
खेळ मला तिच्यापेक्षा जास्त कळतो.
सव्वीस वर्षं पानं वाटतोय,
कोण कधी थापा मारतं ते मला मनगटावरून समजतं.
तरी मिळालेली टीप मी रात्री
हॉथॉर्नच्या दुसऱ्या पत्तेघरात घालवून येतो,
घरी सोफियापला सांगतो, आज गर्दी नव्हती.

लिगायाला विचारलं, सुरुवात कुठल्या रकान्यापासून?
"झोपेच्या," म्हणाली, आणि पानं टाकली.

वही घेतली आहे मी. निळ्या पुठ्ठ्याची.
गाडीच्या खणात आहे,
अजून कोरी.